‘शेवटची निरी’ वाचणारे

अण्णा,

त्या रविवारी वाचनालयाच्या सभेत आई उठून बोलली, ते तुम्हाला सगळं समजलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. गोडादऱ्यातली आपली गल्ली आता ओळखू येत नाही. पत्र्याच्या घरांवर मजले चढलेत, कोपऱ्यावर माझा एसटीडी बूथ होता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. तो प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला आहे. आईला विचारायची हिंमत होत नाही, आणि तुम्हाला तर समोर बसवूनही विचारता आलं नव्हतं.

सगळं सुरतेतल्या प्लेगपासून सुरू झालं असं आई म्हणते. गल्लीतली बिऱ्हाडं एकामागून एक गावाकडे निघाली होती. तोंडाला रुमाल बांधून तुम्ही आम्हा दोघींना उधन्याच्या स्टेशनवर भुसावळच्या गाडीत अक्षरशः कोंबलंत, खिडकीतून गोळ्यांची पुडी आत टाकलीत, आणि स्वतः मागे राहिलात. मिल बंद होती, पण आत माल भरलेला होता आणि शेठला भरवशाचं कोणीतरी हवं होतं. आम्ही अमळनेरजवळ आईच्या माहेरी उतरलो. आई रोज रेडिओला कान लावून बसायची आणि घास चिवडायची. आम्ही परतलो तेव्हा घरभर फिनेलचा वास होता, चुलीजवळ काळी पडलेली एकच पातेली होती, आणि मिलच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही एक अख्खी कादंबरी लिहून ठेवली होती. आईने आधी पातेली घासली. मग विचारलं, “हे काय?” तुम्ही लहान मुलासारखे हसलात. “शंभर वर्षांनंतरची सुरत,” म्हणालात.

तुम्हाला वाचायचा नाद होता हे आम्हाला ठाऊक होतं, पण लिहाल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही मिलच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगवून आलेलं कापड तपासायचात. ट्यूबलाइटखाली टेबलावरून कापडाचा ताका सरकत जायचा, त्यावर तुमचा तळहात फिरायचा. माल ठीक असला की तुम्ही म्हणायचात, “चालशे.” डाग दिसला, धागा सुटलेला दिसला की, “नहीं चाले.” मी डबा घेऊन यायची तेव्हा दारातच हे दोन शब्द कानावर पडायचे. दिवसभर तेवढीच गुजराती. घरी आलात की आईशी अहिराणी, आणि कागदावर मात्र अशी शुद्ध मराठी की आमच्या शाळेतल्या बाईंनी चकित व्हावं.

त्या कादंबरीतली सुरत मला अजून तोंडपाठ आहे. तापीवर इतके पूल झालेत की वरून नदीच दिसत नाही. लूमच्या कारखान्यांत माणूस नाही, अंधारात लूम आपले आपण चालतात. आणि कापडात एक नवा धागा आला आहे, जो अंगाला झालेला प्रत्येक स्पर्श जपून ठेवतो. असं कापड वाचणारा एक तपासनीस आहे. कुठं गुन्हा झाला की माणसांची जबानी घेत नाहीत, कपड्यांची घेतात. एक बाई घरातून नाहीशी होते, मागे फक्त तिची साडी राहते. तपासनीस ती साडी पदरापासून वाचत जातो आणि त्याला कळत जातं की ही बाई कशी चालायची, कुठल्या भिंतीला टेकायची, कशी रडायची. ती डावखुरी आहे, डाव्या हाताने भाकरी थापते, डाव्या हाताने पदर खोचते. वाचता वाचता तो शेवटच्या निरीपर्यंत येतो. तिला शेवटचा हात कोणी लावला ते त्या निरीत आहे. आणि तो ती निरी वाचतच नाही. साडीची घडी घालतो, दिवा मालवतो. कादंबरी संपली.

धुळ्याच्या एका छापखानेवाल्याने ती छापली. कव्हरवर पुलाचं चित्र होतं, तुमच्या मते ते पुलासारखं कमी आणि शिडीसारखं जास्त दिसत होतं. पहिली प्रत तुम्ही आईला दिलीत. ती ओट्याशी उभी होती. तिने दोन्ही हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं आणि मसाल्याच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं. दुपारी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम असायचं तिचं, घरात सतत साड्यांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्याला पाठ टेकून ती रोज थोडं थोडं वाचायची, ओठ हलवत, बोट ओळीवर ठेवून.

आणि मग तुमचे वाचक सुरू झाले. आपल्या लोकांत पुस्तक वाचतं कोण, असं तुम्हीच म्हणायचात, पण प्रती हातोहात फिरल्या. शेजारचे लूमवाले मामा ड्यूटीवरून आले की अंगाला रुई चिकटलेली असतानाच दारात उभे राहायचे. “भाऊ, पुस्तक एक नंबर शे. पन तिले मारं कोनी, ते सांगा ना.” त्यांचं ठाम मत होतं की नवऱ्याने मारलं. तुम्ही म्हणायचात, “तुम्हीच सांगा.” मामांना ते उत्तर अजिबात आवडायचं नाही. दुसरे ते हवालदारकाका, विदर्भातले. पूर्वी तिकडे पोलिसात होते, आता हजीऱ्याच्या एका प्लँटवर सिक्युरिटीत. ते चिडायचे ते वेगळ्याच गोष्टीवर. “राजेहो, बाई गायब झाली म्हणता, तर पंचनामा कुठं आहे? साडी जप्त केली, सील नाही लावलं. तुमच्या साहेबानं पुरावा हातात घेऊन सोडून दिला. असा माणूस माझ्या हाताखाली असता ना, तर सस्पेंड केला असता त्याले.” तुम्ही म्हणालात की शंभर वर्षांनंतर पंचनामा नसेल. काका म्हणाले, “शंभर काय, हजार वर्षांनी पण पंचनामा राहील.”

वाचनालयाचे गुरुजी तिसरे. पिठाच्या गिरणीवरच्या त्या दोन खोल्या त्यांनीच उभ्या केल्या होत्या, सुरतेत मराठी टिकली पाहिजे म्हणून. त्यांनी पुस्तक वाचून परत आणून दिलं. चहाही घेतला नाही. म्हणाले, “भाषा चांगली आहे तुमची, म्हणून वाईट वाटतं. हेरकथा ही प्रवासात वाचून बाकावर ठेवून द्यायची गोष्ट. आणि भविष्याचं काय सांगता? इथं आपल्या माणसाला आजची रात्रपाळी सुटेना, तुम्ही त्याला शंभर वर्षांनंतरचे लूम दाखवता ज्यात त्याला कामच नाही. हे कोणासाठी लिहिलंत?” ते गेल्यावर तुम्ही बराच वेळ दारात उभे होता. मला वाटलं तुम्हाला लागलं. पण वळलात तेव्हा चेहरा उजळलेला होता. “बघ, तिघांनी तीन पुस्तकं वाचली,” म्हणालात. त्या दिवसांत तुम्ही जेवढे सुखात होता तेवढं मी तुम्हाला आधी पाहिलं नव्हतं.

आईचं वाचून संपलं ते सगळ्यात शेवटी. मी बूथ बंद करून जेवायला आले होते. तुम्ही पाटावर, आई तव्यासमोर. तिने भाकरी उलटली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “ती डावरी कोन व्हती?”

“कोण डावरी?”

“पुस्तकातली. डाव्या हाताने भाकरी थापते ती.”

“अगं, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट आहे ते कळतं मला. पण ती थापते कशी, पीठ कसं ओढते, अंगठा कुठं ठेवते, सगळं लिहिलंय. पाहिल्याशिवाय कसं लिहाल? माझ्या भाकरीकडे तर कधी पाहिलं नाही तुम्ही इतकं.”

तुम्ही हात धुऊन उठलात. म्हणालात, “तुला काय कळतंय त्यातलं.” आवाज काही फार चढलेला नव्हता. पण मी घास तोंडात धरून बसले, आणि आईने तव्यावरची भाकरी काढलीच नाही, ती करपेपर्यंत. तुमच्या आणि तिच्यातलं शेवटचं धड बोलणं ते. मी पुष्कळदा मागे जाऊन आठवून पाहिलं आहे, त्यानंतर काही तरी असेल, चहा दे, दार लाव, असं तरी. असेलही. मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात मिलमधून माणूस धावत आला. ताका टेबलावरून सरकत होता आणि तुम्ही तुमच्या जागेवरून घसरलात. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. उजवी बाजू गेली होती, ती थोडीफार परत येईल म्हणाले. वाचेचं मात्र सांगता येत नाही. “समजे छे बधुं,” ते म्हणाले, “पण शब्द जडता नथी.” समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. मी विचारलं, लिहून दाखवतील का? त्यांनी मान हलवली. बोलताना जो शब्द सापडत नाही तो लिहितानाही सापडत नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. आई वाटीतून पेज भरवत होती. ओठ हलले, आई पुढे झाली, मीही. तुम्ही म्हणालात, “चालशे.”

आम्ही दोघी हसलो, अण्णा. खरंच हसलो, आनंदाने. वाटलं, एक शब्द आला म्हणजे मागून बाकीचे येतील. दुसऱ्या दिवशी पाणी हवं तेव्हा तुम्ही “चालशे” म्हणालात. उशी टोचली तेव्हाही तेच. मामा भेटायला येऊन रडायला लागले तेव्हा त्यांच्या पाठीवर डावा हात ठेवून तेच. आठवडे गेले आणि आम्हाला कळून चुकलं की तुमच्याकडे आता एवढाच शब्द उरला आहे. ज्यात लिहिलंत त्या भाषेतला नाही, घरात बोलायचात त्यातलाही नाही. तपासणीच्या टेबलावरचा. आणि त्यातलासुद्धा होकाराचाच राहिला, नकाराचा गेला.

आईला धाग्यांचं काम सोडून चालणार नव्हतं, म्हणून दिवसा मी तुम्हाला बूथवर नेऊन बसवायची. काचेच्या केबिनबाहेर तुमची खुर्ची. आत लोक गावाकडे ओरडून बोलायचे, पोरगी पाहून ठेवा, म्हशीला वैदू आणा, मीटर टिकटिक करत पळायचं. तुम्ही रस्त्याकडे बघत बसायचात. मी तुमच्या मनातलं ओळखायला शिकत होते. पाणी का? उन्हात खुर्ची आली का? लघवीला का? कधी बरोबर यायचं. चुकलं की तुम्ही डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारायचात. एकदा मी तुमचा शब्द पुरा करायला इतकी घाई केली, इतके शब्द तुमच्यासमोर टाकले, की तुम्ही माझ्या तोंडावरच हात ठेवलात. हात जड नव्हता. पण मला कळलं की मी गप्प बसावं असं तुम्हाला वाटतं आहे, आणि त्यानंतर मी तुमच्यासाठी शब्द शोधणं कमी केलं.

वाचक तिथंही येत राहिले. सुरुवातीला भेटायला म्हणून, मग वाद घालायला. मामांना वाटायचं की अशाने भाऊंचं मन रमेल. ते आणि हवालदारकाका तुमच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून भांडायचे. नवऱ्याने मारलं. नाही, नदीत उडी घेतली. अहो, नदी पुलांखाली झाकलेली आहे ना, पुस्तक नीट वाचा. मग दोघं तुमच्याकडे वळायचे. “भाऊ, मी म्हनतो तेच ना?” तुम्ही, “चालशे.” मामा टाळी देऊन हसायचे. काका म्हणायचे, “अन् मी म्हणतो ते?” तुम्ही, “चालशे.” एका दुपारी ते गेल्यावर, गिऱ्हाईक नसताना, मीच तुमच्यासमोर स्टूल घेऊन बसले. विचारलं, अण्णा, नवऱ्याने मारलं? तुम्ही मान डोलावलीत. तपासनिसाने? मान डोलावलीत. ती आपली आपण निघून गेली? पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले होते की अशा आजारात हो-नाहीचाही भरवसा नसतो, मनात नाही असतं आणि मान होकाराची हलते. तुमचे डोळे मात्र माझ्यावर रोखलेले होते, आणि त्यांत इतकी धडपड होती की मी उठून केबिनच्या काचा पुसायला लागले.

आईने पुन्हा कधी विचारलं होतं का, मला माहीत नाही. माझ्यासमोर नाही. ती तुम्हाला न्हाऊ घालायची, दाढी करायची, डाव्या हाताने जेवायला शिकवायची. ते शिकवताना मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

मग गुरुजींनी सभा ठरवली. त्यांचं मन मोठं होतं, हे मला आज कळतं. पुस्तक त्यांना आवडलं नव्हतं, पण आपल्यातल्या एका माणसाने लिहिलं आणि तो असा पडला, तर त्याच्यादेखत त्याच्या पुस्तकावर चार लोकांनी बोललं पाहिजे, असं त्यांना वाटलं. रविवारी सकाळी मामांनी आणि मी तुम्हाला रिक्षातून उतरवलं, जिन्यावरून जवळजवळ उचलून वर नेलं. खाली गिरणी चालू होती, त्यामुळे फरशी थरथरत होती. तुम्हाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गुरुजींनी नारळ आणि शाल दिली. शाल उजव्या खांद्यावरून सारखी घसरत होती आणि आई ती सारखी वर करत होती.

लोक बोलले. हवालदारकाकांनी पंचनाम्याचा मुद्दा काढला, सगळे हसले. मामा उभे राहिले आणि सगळे बघायला लागल्यावर घाबरले. एवढंच म्हणाले, “मी लूमवर उभा ऱ्हातो तेव्हा मले ते पुस्तक आठवतं. इथं कोनी नसंन, नुसतं लूम चालंन. मले भेव वाटतं. पन पुन्हा वाचतो.” चलथाणच्या साखर कारखान्यातले एकजण खास आले होते, त्यांनी या कल्पनेत विज्ञान कच्चं आहे असं सविस्तर सांगितलं. मागच्या रांगेतल्या एक तरुण बाई म्हणाल्या की निरी न वाचणं हीच माणुसकी आहे, मेलेल्या बाईची तेवढी तरी लाज राखली. गुरुजी शेवटी उठले. आपलं मत त्यांनी बदललं नव्हतं. म्हणाले, “लेखकाने प्रश्न विचारून दार लावून घेऊ नये. वाचकाला उत्तर मिळालं पाहिजे. लेखक समोर आहेत. त्यांनी खूण केली तरी पुरे.”

सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही उठायचा प्रयत्न केलात. मी हात दिला. तुमचा गळा हलला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि सगळ्या खोलीसमोर तुम्ही म्हणालात, “चालशे.” दोन-तीन पोरं फिसकन हसली. गुरुजींनी मान खाली घातली.

तेव्हा आई उठली. तिने आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. गावाकडच्या लग्नात नाव घ्यायला सांगितलं तरी माझ्या मागे लपणारी. डोक्यावरचा पदर दाताखाली धरलेला होता, तो सोडून ती म्हणाली, “मी सातवी शिकेल आहे. मला पुस्तकातलं कळत नाही. साडीतलं कळतं. माझ्या हाताखालून रोज साड्या जातात.” तिने पदर पुन्हा डोक्यावर सारखा केला. “ज्या माणसाने ती साडी इतकी चाचपली, पदर वाचला, काठ वाचला, एक सूत सोडलं नाही, तो शेवटच्या निरीपाशीच का थांबला? ही ताई म्हणते, लाज राखली. लाज नाही. त्याला माहीत होतं तिथं कोणाचा हात निघेल. त्याचाच. तो तिला आधीपासून ओळखत होता. साडी वाचून नाही कळलं त्याला ती डावरी आहे. त्याने तिला भाकरी करताना पाहिलेली आहे.” मग ती तुमच्याकडे वळली आणि अगदी हळू, घरातल्या आवाजात, घरातल्या भाषेत म्हणाली, “पायेल शे ना?” पाहिलेली आहे ना?

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. तो आला नाही. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच, कोणी विचारलेल्या गोष्टीवर तुमचा शब्दही आला नाही की मानही हलली नाही. तोंड उघडंच राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पण अशा आजारात रडू उगीचही येतं, हेही डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, अण्णा. काका उभे राहून वाजवत होते, म्हणत होते, “वहिनींनी केस सोडवली!” गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की आज आपण जे ऐकलं त्याला समीक्षा म्हणतात. त्यांनी आपली शाल, स्वतःच्या खांद्यावरची, आईला दिली. खोलीभर माणसांत एकालाही कळलं नाही की एका बायकोने आपल्या नवऱ्याला प्रश्न विचारला आहे. मला कळलं होतं आणि मी तुमच्या दंडाला धरून उभी होते. मला काय करता आलं असतं? तिला खाली बसवू? तुमच्या वतीने नाही म्हणू? मी तुमची घसरलेली शाल वर केली.

घरी आल्यावर आईने पाणी तापवलं, तुमचा शर्ट काढला, पाठ चोळली. त्यात काही कमी केलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. फक्त ती तुमच्याशी अहिराणीत बोलायची थांबली. “हात वर करा.” “तोंड उघडा.” “झालं.” दवाखान्यातल्या नर्सबाई बोलायच्या तसं. तुम्हाला ते कळत होतं. ती खोलीतून गेली की तुम्ही दाराकडे बघत राहायचात, आणि मी जवळ आले तर खुर्चीच्या दांडीवर थाप. मी काय हवं ते विचारलं नाही, कारण जे हवं ते मला कुठून आणता येणार होतं?

त्या उन्हाळ्यात आत्याकडे लग्नाला गेले तेव्हा मी तिला आडून आडून विचारलं. गावात कोणी डावरी बाई होती का, अण्णांच्या ओळखीची? आत्या शेवया मोडत होती. “डावऱ्या काय, दोन-तीन होत्या,” ती म्हणाली. “एक तर आमची चुलतीच. एक ती पलीकडच्या आळीतली, लग्न होऊन गेली कुठंशी. का गं?” मी म्हटलं, असंच. घरी येऊन आईला चुलतीचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, हातातली कात्री चालू होती. म्हणाली, “चुलतीवर कोणी पुस्तक लिहितं का?” आणि पुढची साडी ओढली.

तुम्ही उत्तरायणानंतर, पतंगांची संक्रांत झाली आणि लगेच गेलात. तारांवर, पत्र्यांवर मांजा लोंबत होता. तिरडी निघताना मामा पुढे होऊन तो बाजूला करत होते. आई रडली. कोणीही गेल्यावर रडावं तशी नाही, तुमच्यासाठीच रडली, ते मी तुम्हाला सांगायला हवं.

पुढे ती ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मसाल्याच्या डब्याशेजारून ते कधी हललं नाही, हळदीने त्याच्या कडा पिवळ्या झाल्या. आणि तिचं मत बदलत गेलं. काही वर्षं ती म्हणायची, तपासनीस लबाड. मग म्हणायला लागली, लबाड नाही, भित्रा. माझं लग्न मोडलं आणि मी बॅग घेऊन परत आले, त्या वर्षी ती म्हणाली, “ती बाई आपल्या पायाने गेली असंन. गेली ते बरं केलं.” आता ती तपासनिसाबद्दल बोलतच नाही, त्या बाईबद्दलच बोलते. कुठं उतरली असेल, काय खाल्लं असेल, अंगावरची साडी मागे टाकून गेली तर नेसून काय गेली. मला वाटतं तिला ती आवडायला लागली आहे. तुमच्याबद्दलचा तिचा प्रश्न मिटला की नाही ते मला कळत नाही. मामा गेले, गुरुजी गेले, वाचनालयाच्या खोल्यांत आता क्लास चालतात. त्या पुस्तकावर मत असणारे आम्ही दोघीच उरलो.

आईच्या डोळ्यांना आता छापील अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी मी मोठ्याने वाचते. काल तिसऱ्यांदा की चौथ्यांदा संपवलं. आणि माझं मत तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून ते सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे सांगता येतं. मला तुमची कादंबरी आवडली नव्हती, अण्णा. अजूनही आवडत नाही. तुम्ही नुसत्या कापडातून एका बाईचं चालणं, टेकणं, रडणं सगळं वाचलंत, आणि आम्ही दोघी तुमच्या समोर होतो. कोणी विचारलं तर मी म्हणते, अण्णांनी काळाच्या फार पुढचं लिहिलं. पण दर वेळी शेवटचं पान आलं की माझा आवाज बसतो, आणि आईला वाटतं, मला ही कादंबरी फार आवडते.